आधी कीर्द, मग खतावणी : पोस्टग्रेसक्यूएलचे जतन आणि स्थित्यंतर

माहिती तक्त्यांमध्ये ठेवून त्या तक्त्यांच्या परस्परसंबंधांवरून ती शोधायची, ही संबंधात्मक डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडली. तिच्या आधारे पुढे जी सॉफ्टवेअरे घडली त्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस या प्रकल्पाचे स्थान मोठे आहे. विद्यापीठातील काम थांबल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल या प्रश्नभाषेची जोड दिली, १९९६ मध्ये त्याचे नाव पोस्टग्रेसक्यूएल झाले, आणि कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले हे मुक्त सॉफ्टवेअर तेव्हापासून जगभरचे विकसक मिळून वाढवीत आले आहेत. ते चालते ठेवणाऱ्या प्रशासकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला सुट्या कामांच्या यादीसारखे दिसते: बॅकअप घ्यायचा, डिस्कवर जागा आहे ना ते पाहायचे, काही वर्षांनी नवी आवृत्ती बसवायची. वास्तविक या सर्व कामांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बदलांची क्रमवार नोंद. हिचा धागा कुठवर अखंड आहे आणि नेमका कुठे तुटतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती डेटाबेस सुरक्षित असतो.

जुन्या पेढीवरच्या हिशेबात व्यवहार घडेल त्या क्रमाने आधी कीर्दीत टिपला जाई आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे, त्यामुळे खतावणीचे पान खराब झाले तरी कीर्दीवरून ते पुन्हा उतरवता येत असे. पोस्टग्रेसमध्येही तक्त्यांच्या फाइली ही खतावणी आहे आणि राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल करण्याआधी लिहिला जाणारा लॉग, ही कीर्द आहे. तक्ता आठ किलोबाइटच्या पानांमध्ये विभागलेला असतो. एखादी ओळ बदलली की ते पान आधी केवळ स्मृतीत बदलते, मात्र बदलाची नोंद लॉगमध्ये होते, आणि ती नोंद डिस्कवर पक्की उतरल्याखेरीज सर्व्हर नेहमीच्या मांडणीत व्यवहार पूर्ण झाल्याची ग्वाही देत नाही. बदललेली पाने ठराविक अंतराने, मूळ मांडणीत दर पाच मिनिटांनी, डिस्कवर उतरवली जातात आणि या टप्प्याला चेकपॉइंट म्हणतात. मधेच वीज गेली तर सर्व्हर सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासून लॉग वाचत येतो आणि उरलेले बदल पानांवर पुन्हा चढवतो. ही व्यवस्था २००१ च्या ७.१ या आवृत्तीत आली आणि पुढे पोस्टग्रेसला जे जे सामर्थ्य लाभले त्यातील पुष्कळसे तिच्यातूनच उगवले.

या व्यवस्थेचे सारे बळ ‘पक्की उतरली’ या दोन शब्दांवर आहे, आणि २०१८ मध्ये याच ठिकाणी एक खोल दोष उघडकीस आला. डिस्कवर लिहिणे फसले तर लिनक्स ती चूक एकदा कळवून ते पान स्मृतीत ‘लिहून झालेले’ म्हणून गणत असे, त्यामुळे पोस्टग्रेसने दुसऱ्यांदा विचारले असता उत्तर यशाचे येई आणि चेकपॉइंट पूर्ण झाल्याचा समज होई. फेब्रुवारी २०१९ मधील दुरुस्तीपासून अशी चूक कळताच सर्व्हर दुसरा प्रयत्न न करता तत्काळ स्वतःला बंद करतो आणि लॉगवरून पाने नव्याने उभी करतो. चालू सेवा बंद पाडणारी ही दुरुस्ती वरवर कठोर वाटते, तरी तीच योग्य आहे, कारण पान शंकास्पद झाले की विश्वास ठेवण्याजोगे फक्त लॉगच उरते.

बॅकअपची सर्वांत भक्कम पद्धत याच तर्काचा विस्तार आहे. लॉग सोळा मेगाबाइटच्या तुकड्यांत लिहिला जातो आणि गरज संपलेले तुकडे सर्व्हर पुन्हा वापरतो किंवा काढून टाकतो. पण काढण्यापूर्वी प्रत्येक तुकडा दुसऱ्या यंत्रावर संग्रहित केला आणि सर्व फाइलींची एक मूळ प्रत घेऊन ठेवली, तर त्या प्रतीपासून पुढच्या कोणत्याही क्षणापर्यंतचा डेटाबेस उभा करता येतो. मूळ प्रत चालू सर्व्हरवरून घेतल्यामुळे तिच्यातील पाने वेगवेगळ्या क्षणांची असतात आणि एकटी ती निरुपयोगीच ठरते. प्रत घेतानाच्या काळातील लॉग तिच्यावर चढवला की मगच ती सुसंगत होते. २००५ च्या ८.० आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या या सोयीमुळे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कोणी अट न घालता ओळी पुसण्याची आज्ञा दिली, तर दोन वाजून नऊ मिनिटांची स्थिती परत आणता येते. रोज मध्यरात्री घेतलेल्या प्रतीवर विसंबणाऱ्याला अशा वेळी दिवसभराचे काम गमवावे लागते.

संग्रहणाची व्यवस्था मात्र काळजीने घडवावी लागते. संग्रहण करणाऱ्या आज्ञेने तुकडा खरोखर पक्का होईपर्यंत यश कळवता कामा नये आणि त्याच नावाचा निराळा तुकडा आधीपासून असेल तर त्यावर लिहिताही कामा नये. ती आज्ञा सतत अपयशी ठरत राहिली तर सर्व्हर एकही तुकडा टाकत नाही, तुकडे साचत जातात, डिस्क भरते आणि सर्व्हर थांबतो. नेमक्या अशा घाईच्या वेळी ज्या निर्देशिकेत हे तुकडे असतात ती रिकामी करण्याचा मोह होतो. पूर्वी तिच्या नावात ‘लॉग’ हा शब्द होता आणि ती निरुपयोगी नोंदींची जागा समजून लोक पुसत असत, म्हणून २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ते नावच बदलण्यात आले. घरगुती आज्ञावलींपेक्षा पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन यांसारखी मुरलेली साधने वापरणे श्रेयस्कर, कारण या सर्व आडवाटा त्यांच्या कर्त्यांनी आधीच पाहिलेल्या असतात.

हा धागा नसला तर काय घडते याचा सविस्तर दाखला गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ च्या अपघातानंतर स्वतःच जगासमोर ठेवला, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल या क्षेत्राने तिचे ऋणी राहिले पाहिजे. मुख्य सर्व्हरवरील भार वाढल्यामुळे त्याचा प्रतिकृती-सर्व्हर, म्हणजे लॉगचा प्रवाह घेऊन मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर, मागे पडला. त्याला हवे असलेले तुकडे मुख्य सर्व्हरने काढून टाकले होते आणि लॉगचे संग्रहण होत नसल्याने ते दुसरीकडे कुठेही नव्हते. प्रतिकृती नव्याने उभी करण्याच्या खटपटीत रात्री उशिरा एका अभियंत्याने प्रतिकृतीवरची समजून मुख्य सर्व्हरवरचीच निर्देशिका पुसली आणि क्षणार्धात आज्ञा थांबवूनही सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. रोजचा बॅकअप शोधला तर तो अस्तित्वातच नव्हता, कारण सर्व्हर ९.६ आवृत्तीचा असताना बॅकअप घेणारे पीजी_डम्प हे साधन ९.२ आवृत्तीचे चालवले जात होते, आणि आपल्याहून नव्या सर्व्हरची प्रत काढण्यास ते साधन नकार देते. त्या अपयशाची सूचना देणारे ईमेलही मध्येच नाकारले जात होते. अखेर चाचणीसाठी सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या डिस्कच्या एका प्रतीवरून सेवा सावरली, तरी मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती परत आली नाहीत. या घटनेचा दोष एका थकलेल्या माणसाच्या बोटांवर ढकलणे अन्यायाचे आहे. लॉगचा संग्रह असता तर चुकीच्या आज्ञेची किंमत काही तासांचा खोळंबा एवढीच राहिली असती. प्रतिकृतीला बॅकअप समजण्यातील धोकाही येथे दिसतो, कारण एरवी चुकीची आज्ञासुद्धा प्रतिकृतीपर्यंत त्याच प्रवाहातून क्षणात पोहोचते.

पीजी_डम्पचा उपयोग यामुळे कमी होत नाही. ते पाने उचलत नाही, तर तक्ते पुन्हा उभारण्याच्या आज्ञा आणि त्यातील माहिती एका क्षणाच्या सुसंगत स्थितीनुसार लिहून देते, त्यामुळे ही प्रत आवृत्तीच्या सीमा ओलांडू शकते. वापरकर्त्यांची खाती तिच्यात येत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात, हे अनेकांना पुनर्स्थापनेच्या वेळीच उमगते.

मोठी आवृत्ती बदलताना, म्हणजे मोठ्या अपग्रेडच्या वेळी, लॉगचा धागा हमखास तुटतो. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या लहान आवृत्त्यांत केवळ दुरुस्त्या असतात, फाइलींचे स्वरूप तेच राहते आणि सर्व्हर बंद करून नवे सॉफ्टवेअर चढवले की काम होते. या आवृत्त्या लांबणीवर टाकण्याला सहसा समर्थन नसते. दरवर्षी येणारी मोठी आवृत्ती वेगळी असते. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, म्हणून पाच वर्षांत एकदा तरी ही सीमा ओलांडावी लागते, आणि एका मोठ्या आवृत्तीचा लॉग दुसरीला वाचता येत नाही. पीजी_अपग्रेड हे साधन प्रथम रिकामा नवा डेटाबेस घेऊन त्यात तक्त्यांच्या व्याख्या नव्याने रचते आणि माहितीच्या फाइली मात्र जशाच्या तशा नकलून घेते किंवा दुव्याने जोडते, कारण पानांची मांडणी वर्षानुवर्षे बदललेली नाही. दुव्याच्या पद्धतीने कित्येक टेराबाइटचे स्थित्यंतर काही मिनिटांत होते, पण दोन्ही सर्व्हर त्याच फाइलींकडे बोट दाखवत असल्याने नवा एकदा सुरू झाला की जुना सुरू करणे सुरक्षित राहत नाही. १८ पूर्वीच्या आवृत्त्यांत प्रश्नांची कार्यपद्धती ठरवण्यासाठी लागणारी सांख्यिकी पलीकडे जात नसे, आणि ती नव्याने गोळा करण्याआधी वापरकर्त्यांना आत घेतल्यास साधे प्रश्नही रेंगाळत. १८ व्या आवृत्तीत पानांची तपासबेरीज (चेकसम) मुळातच चालू असते, तेव्हा ती नसलेल्या जुन्या डेटाबेसचे स्थित्यंतर करताना नवा डेटाबेसही मुद्दाम तिच्याविना घडवावा लागतो, अथवा जुन्यावर आधीच ती चालू करून घ्यावी लागते.

याहून फसवी सीमा डेटाबेसच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असते. इंडेक्स ही मूल्यांची क्रमवार रचना असून शोध घेताना प्रत्येक टप्प्यावर तुलना करून डावीकडे किंवा उजवीकडे वळावे लागते. अक्षरांचा क्रम काय हे पोस्टग्रेस परंपरेने सिस्टिमच्या ग्रंथालयाला (लायब्ररीला) विचारत आले आहे. युनिकोडच्या संकेतांकांत ळ हे अक्षर ल नंतर लगेच, व च्या आधी येते, तर मराठी वर्णमालेत ते ह नंतर येते, म्हणून संकेतांकांनुसार ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी लागेल आणि वर्णमालेनुसार नंतर. इंडेक्स एका क्रमाने रचला आणि शोध दुसऱ्या क्रमाने घेतला, तर तक्त्यात असलेले काळे सापडत नाहीत, आणि एकमेव असायला हवी अशी नोंद दुसऱ्यांदा शिरते, तीही कोणतीही चूक न कळवता. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या ग्रंथालयाची २.२८ आवृत्ती आली तेव्हा असेच घडले. ‘१-१’ आणि ‘११’ यांसारख्या मूल्यांचाही क्रम उलटला, आणि डेबियन १० किंवा रेड हॅट ८ वर तोच डेटाबेस नेणाऱ्यांचे मजकुरावरील इंडेक्स बिघडले. पाने हुबेहूब नकलणारा बॅकअप हा बिघाडही हुबेहूब नकलतो आणि लॉगला त्याची दखल नसते, कारण लिहिण्यात काहीच चुकलेले नसते. म्हणून सिस्टिम बदलल्यावर असे इंडेक्स पुन्हा रचणे अनिवार्य आहे, आणि मराठी नावे सांभाळणाऱ्या संस्थांनी आपला क्रम कोणते ग्रंथालय ठरवते याची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

मोठ्या आवृत्तीनंतर जुना संग्रह निकामी होत नाही, पण तो केवळ जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरवर आणि स्थित्यंतरापूर्वीच्या क्षणापर्यंतच उभा राहतो, त्यामुळे त्या बॅकअपची ठरलेली मुदत संपेपर्यंत जुने सॉफ्टवेअरही जपून ठेवावे लागते. नव्या सर्व्हरचा लॉग पहिल्या क्षणापासून संग्रहित होत असला तरी तो ज्यावर चढवायचा ती मूळ प्रत अजून घेतलेली नसते, आणि कित्येक टेराबाइटच्या डेटाबेसची प्रत पूर्ण होण्यास काही तास लागतात. या तासांत डिस्क गेली तर परतण्याजोगी स्थिती केवळ स्थित्यंतरापूर्वीचीच असते. म्हणून अपग्रेडच्या नियोजित वेळेत ही पहिली प्रत पूर्ण होणे आणि ती दुसऱ्या यंत्रावर उभी करून तक्ते व इंडेक्स तपासणे, ही दोन्ही कामे धरावीत, आणि तोवर जुन्या आवृत्तीचा एक प्रतिकृती-सर्व्हर स्थित्यंतराच्या क्षणी थांबवून, हात न लावता बाजूला ठेवावा.