दोन तासांची उधारी

बेळगावच्या माणसाला कोल्हापूर परके नाही. लग्नाचा बस्ता बांधायला, अंबाबाईच्या दर्शनाला, कुणाच्या बारशाला, कुणाला दवाखान्यात बघायला, अशा निमित्ताने वर्षातून तीन-चार फेऱ्या तरी होतातच. पण त्या फेऱ्यांत हातात पिशव्या असतात, बरोबर मंडळी असतात आणि डोळा परतीच्या गाडीच्या वेळेवर असतो. गाव दिसते ते रिक्षातून, तेही रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करता करता.

2025 च्या फेब्रुवारीत मात्र मी कोल्हापूरला एकटा गेलो. काम काही नव्हते. शनिवारी दुपारी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायचा, संध्याकाळी देवल क्लबात गाणे ऐकायचे, रात्री मुक्काम करून रविवारी परत यायचे, एवढाच बेत. दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली असताना हेडमास्तराने असा बेत करावा काय, हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून शाळेत "जरा खासगी काम आहे" एवढेच सांगितले. छप्पन्नाव्या वर्षी शाळा चुकवण्याची माझी ही पहिली वेळ!

घरात मात्र खरे सांगावे लागले. सौभाग्यवती म्हणाल्या, "जाऊन या की! फक्त तिथं जाऊन कुणाची परीक्षा घेऊ नका म्हणजे झालं."

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बस धरली. संकेश्वर, निपाणी मागे पडले. कोगनोळी आली, दूधगंगा ओलांडली की कागल. इथे रस्त्याकडेच्या पाट्यांची लिपी बदलते, ट्रॉलीतला ऊस काही बदलत नाही. खिडकीशी बसून मी 1989 सालात शिरलो होतो.

त्या साली एम.ए. करायला मी शिवाजी विद्यापीठात दाखल झालो. वसतिगृहातला माझा खोलीमित्र बैलहोंगलकडचा. घरात कन्नड, शिक्षणही कन्नडमधून, आणि मराठी बोलायला लागला की प्रत्येक वाक्याला कन्नड हेल. त्याच्याकडे एक ट्रान्झिस्टर होता आणि त्याचा काटा धारवाड केंद्रावरून सहसा हलत नसे. मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे लागले की हा उठून दाराला आतून कडी घालायचा. मला गाण्यातले ओ की ठो कळत नव्हते. "तुला कळत नाही ते बरं आहे. कळतंय असं वाटणारे फार त्रास देतात," असे म्हणून त्याने मला एकदा देवल क्लबात नेले. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात आणले, त्यांच्या मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या मुलांकडे मन्सूर शिकले, केसरबाई आणि मोगूबाई गोव्याच्या असून याच घराण्याच्या, हे सारे त्या रात्री परत येताना त्याने मला चालता चालता सांगितले. एका उत्तरेतल्या गवयाची विद्या कोल्हापुरात रुजली आणि तिला धारवाडात नि गोव्यात फळे धरली, याचे त्याला फार अप्रूप होते.

मी त्याची परतफेड फुटबॉलने केली. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम! ज्या तालमींत दंड-बैठका निघाल्या, त्यांच्याच नावाने पोरे बूट घालून मैदानात उतरतात. पहिल्या सामन्यात माझा मित्र कानांवर हात ठेवून बसला होता. चौथ्या सामन्याला तो माझ्या आधी जाऊन जागा धरून बसला.

या वेळीही त्याला बोलावले होते. आता तो धारवाडला निवृत्त आयुष्य जगतो. फोनवर म्हणाला, "गुडघे नाही म्हणतात रे. तू जा आणि सांग." म्हणून मी एकटा.

स्टेडियमवर पोचलो तेव्हा सामना सुरू होऊन दहा मिनिटे झाली होती. गॅलरीत पेठाच्या पेठा लोटलेल्या. झेंडे, शिट्ट्या, आणि पंच, लाइनमन यांच्या कुळाचा सार्वजनिक उद्धार. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी टेकलो. त्यांनी खिशातले शेंगदाणे न विचारता माझ्या हातावर ठेवले आणि एका काटकुळ्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यो सात नंबरवाला. नातू हाय माजा. बारावीला हाय."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "मग पेपर कधी आहेत?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू लग्नमंडपात तेराव्याची चौकशी केली. "पेपर व्हय?" ते म्हणाले. "हाईत की. तेबी हाईत." आणि पुन्हा मैदानाकडे वळले.

सामना बरोबरीत सुटला. सात नंबरच्या पोराने एक सोपी संधी घालवली, त्यावरून मागच्या रांगेतून त्याला काय काय ऐकावे लागले ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाही. आजोबा शांत होते. शिट्टी झाल्यावर एवढेच म्हणाले, "चुकंल न्हाई तर शिकंल कसं?" हे वाक्य मी शाळेत दरवर्षी पालकसभेत म्हणतो. गणिताच्या संदर्भात.

संध्याकाळी देवल क्लबात गर्दी बेताची होती. गायिका तरुण होत्या, जयपूर घराण्याच्या तालमीतल्या. त्यांनी बिहागडा मांडला. तानेचा पेच उलगडत समेवर येताना त्या डोळे मिटत नव्हत्या. तबलजीकडे पाहून किंचित हसत होत्या, जणू दोघांत काही पैज लागली आहे. मला अजूनही फारसे कळत नाही. पण एका जागी, सम येण्याच्या आधीच माझा हात आपोआप मांडीवर पडला, आणि छत्तीस वर्षांपूर्वी मित्राने शिकवलेले काहीतरी अंगात शिल्लक आहे हे कळून बरे वाटले. त्या बऱ्या वाटण्याच्या पाठोपाठच शाळेतले एक कपाट आठवले, आणि गाणे संपेपर्यंत ते काही डोळ्यांपुढून हलेना.

त्या कपाटाची गोष्ट सांगायला हवी. मी मुख्याध्यापक झालो 2014 साली. पुढच्याच वर्षी संगीताचे मास्तर निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. त्यांचा आठवड्याचा तास मी गणिताला दिला आणि पेटी कपाटात गेली. मग नववी-दहावीचा खेळाचा तासही विज्ञानाला दिला. मराठी शाळा टिकवायची तर निकाल लागला पाहिजे. निकाल घसरला की पालक इंग्रजी शाळेची वाट धरतात, ही भीती खोटी नव्हती. निकाल वाढला. माझा सत्कारही झाला.

2017 साली दहावीतला एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. फुटबॉल फार चांगला खेळायचा. निवड चाचणीसाठी त्याला तीन दिवस म्हैसूरला जायचे होते आणि तेच दिवस सराव परीक्षेचे होते. वडील गवंडीकाम करणारे, मान खाली घालून उभे होते. मी म्हणालो, "आधी दहावी. फुटबॉल कुठं पळून जात नाही." तो गेला नाही. दहावी पास झाला, बऱ्या गुणांनी झाला. फुटबॉल मात्र पळून गेला.

दोन वर्षांपूर्वी एका पेट्रोल पंपावर तो भेटला. मालवाहू टेम्पो चालवतो. खाली उतरून पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमच्यामुळं पास झालो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मला घरी जाऊन सुखाने जेवता आले असते.

रविवारी सकाळी लवकर उठून खासबागेत गेलो. हे मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतले, 1912 साली ते तयार झाले. 1902 च्या युरोपच्या प्रवासात रोममधले जुने गोल प्रेक्षागार त्यांनी पाहिले, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. त्या वेळी हौदा रिकामा होता. चार-पाच पोरे पायऱ्यांवरून वर-खाली पळत होती.

मैदानाला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह आहे. तेही महाराजांचेच, 1915 चे पॅलेस थिएटर. एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला नाट्यपद, मध्ये भिंत तेवढी! विद्यार्थी असताना आम्ही दोघे तिथे अनेक नाटके पाहिली, बहुतेक शेवटच्या रांगेतून. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. मी गेलो तेव्हा जळक्या वास्तूभोवती पत्रे उभे होते. पत्र्यांच्या फटीतून थोडा वेळ पाहिले आणि मागे फिरलो. जुन्या शिक्षकाला आजारपणात भेटायला गेल्यावर जास्त वेळ बसवत नाही, तसे झाले.

खासबागेच्या पायरीवर येऊन बसलो आणि मला खर्डेकर आठवले. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर, राजाराम कॉलेजचे प्राचार्य. खाशाबा जाधव त्या कॉलेजचा विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला होता. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबाने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली, आणि तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत, 1 ऑगस्ट 2024 ला, पॅरिसमध्ये.

ही गोष्ट मी प्रार्थनेनंतर मुलांना किती वेळा सांगितली असेल! सांगताना नेहमी खाशाबाच्या जिद्दीवर जोर द्यायचो. आपण सांगतो आहोत ती एका मास्तराचीही गोष्ट आहे, हे त्या पायरीवर बसेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. एका मास्तराने घर गहाण टाकले. दुसऱ्याकडे एक पोर आले होते ते घर मागायला नव्हे, तीन दिवस मागायला.

माझा विद्यार्थी म्हैसूरहून निवडून आला असता असे मी म्हणत नाही. बहुधा नसताच आला. पण एक संधी घालवून घरी आला असता, आणि मागच्या रांगेतल्या शिव्या खाऊन शहाणा झाला असता. तेवढाही अनुभव मी त्याला मिळू दिला नाही.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर मित्राला फोन केला. वाटले, आधी राग विचारेल. गडी म्हणतो, "कोण जिंकलं?" बरोबरीत सुटला म्हटल्यावर हळहळला. मग मुलाची हकिगत त्याला पहिल्यांदाच सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "मन्सूर लहानपणीच शाळा सोडून नाटक कंपनीत गेले. तू तिथं हेडमास्तर नव्हतास, हे आमचं नशीब." आणि मोठ्याने हसला. मलाही हसावे लागले.

सोमवारी कपाट उघडले. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला, दोन पट्ट्या बसलेल्या. दुरुस्तीसाठी मिरजेला पाठवली. परीक्षा तोंडावर होती म्हणून त्या वर्षी काही बदलले नाही. तेवढा शूर मी नाही. जूनपासून मात्र शुक्रवारचा शेवटचा तास गाण्याचा आणि शनिवारचा शेवटचा तास खेळाचा, असे वेळापत्रक लागले. गणिताचे मास्तर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. "निकाल खाली आला तर?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "माझं नाव सांगा." याहून मोठे गहाण ठेवण्याजोगे माझ्याकडे काही नाही. घर तर अजून बँकेचेच आहे.

त्या मुलालाही फोन केला. शनिवारी तासभर येऊन पोरांना शिकवशील का, असे विचारले. "बघतो सर, भाडं नसलं तर," म्हणाला. तीन शनिवार आला नाही. चौथ्या शनिवारी टेम्पो फाटकाबाहेर लावून कुंपणाशी उभा राहिला. मी जवळ गेलो. काय बोलावे हे ठरवून ठेवले होते, ते काही आठवेना. मैदानावरची नजर न काढता तोच म्हणाला, "सर, पोरांच्या पायात बूट नाहीत. आधी त्याचं बघा."

मी खिशातली डायरी काढली आणि किती पोरे आहेत ते मोजू लागलो.