मामूंचं रिव्हॉल्वर

मामूंच्या इंतकालानंतर त्यांचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्वर रीतसर लायसन्सवर मामेभावाकडे आलं. ०.४५५ बोअरची काडतुसं काही मिळेनात. तारापूर एमआयडीसीतला एक लेथवाला त्याला म्हणाला, "नळीत आणि सहाही घरांत बुश बसवून ०.३२ करून देतो." अर्ज लिहायला भावाने मला पालघरहून बोईसरला बोलावलं.

मी म्हटलं, "भाईजान, १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असं काम परवाना असलेल्या कारागिरानेच करायचं असतं. आणि ०.३२ हवंच तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं आहे. हा १९१५चा नमुना. एकदा पोखरला की संपला."

"मग नुसतं ठेवून काय करू?"

"अमानत आहे. जशी मिळाली तशी पुढे द्यायची."

भाऊ गप्प झाला. मग मामूंची तेलाची बाटली काढली. अर्ज कोराच राहिला.