अब्बांच्या दाढीतले चौकोन

मागच्या पावसाळ्यात गोंडपिपरीच्या घरी अब्बांचा फोटो मोठा करून नेला. अम्मीने चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाली, "ये तेरे अब्बा नहीं लगते, बेटा."

तिचं खरं होतं. अब्बांचा चांगला फोटो हा एकच. मूळ कागद ओलीने काचेला चिकटून खराब झाला. उरली ती स्कॅन केलेली जेपीईजी फाइल. भाईजानने ती सरळ केली, मी उजळ केली, भाच्याने कडा कापल्या. प्रत्येकाने आधीच्याच फाइलवर पुन्हा सेव्ह केलं. दाढीतले पांढरे केस गेले आणि तिथे बारीक चौकोन आले.

चौकोनच का, हे मी नंतर समजून घेतलं. 1992 साली मानक ठरलेल्या जेपीईजीत चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातला तपशील आकड्यांत मांडतात आणि ते आकडे ढोबळ करतात. नुकसान होतं ते इथेच. फाइल नुसती पाहिली किंवा तिची नक्कल केली तर काही जात नाही. पण बदल करून सेव्ह केली की आकडे पुन्हा ढोबळ होतात. मग क्वालिटी 100 वर नेली तरी गेलेलं परत येत नाही.

खरं तर फोटो फिरवायला आणि कापायला एवढं गमावायची गरज नव्हती. 'जेपीईजीट्रॅन' नावाचा मोफत प्रोग्राम आकडे पुन्हा ढोबळ न करता तुकडेच फिरवतो. काप मात्र तुकड्याच्या सीमेवर घ्यावा लागतो, म्हणून कडेला थोडे ठिपके जास्तीचे राहतात. उजळ करण्याला अशी वाट नाही. त्यासाठी मूळ फाइलची प्रत टिफमध्ये घ्यायची, सगळं काम तिच्यावर करायचं आणि जेपीईजी शेवटी एकदाच करायची.

पण त्यासाठी मूळ फाइल हवी. ती आपाकडे निघाली. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही म्हणून तिने स्कॅनची सीडी कपड्यांच्या पेटीत तशीच ठेवून दिली होती. आम्ही तिघे शहाणे. फोटो वाचला तो तिच्यामुळे.

आता ती फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे. भाच्याला पाठवली तीही डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवली असती तर ॲपने ती पुन्हा दाबली असती.

नवा फोटो अम्मीच्या हातात दिला. तिने अब्बांच्या दाढीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये कब खींचा था?"