चालता तारा

दुर्बीण हातीं आली म्हणजे आकाश हातीं आलें, अशी एक भोळी समजूत पुष्कळांच्या मनांत असते. माझ्याहि मनांत ती होती. आणि ती दूर होण्यास एक लाजिरवाणी रात्र व त्यानंतरचीं अडीच वर्षें खर्चीं पडलीं. शाळेच्या वार्षिकांत शिक्षकानें स्वतःच्या चुकीची हकीकत लिहावी, हें कांहींस विचित्र वाटेल. परंतु ती चूक विद्यार्थी व पालक यांच्यासमोर घडली. तेव्हां ती त्यांच्यासमोरच सांगणें मला योग्य वाटतें.

ता. २६ जानेवारी २०१५ ची गोष्ट. सकाळीं प्रजासत्ताकदिनाचें झेंडावंदन आटोपल्यावर मीं मुलांना मोठ्या उत्साहानें सांगून टाकलें कीं, आज रात्रीं मैदानावर सहा इंच आरशाच्या दुर्बिणींतून एक लघुग्रह दाखविण्यांत येईल. आईवडिलांनाहि घेऊन यावें. '२००४ बीएल ८६' असें रूक्ष नांव धारण करणारा तो खडक सुमारें सव्वातीनशें मीटर रुंदीचा. सूर्याभोंवतीं फिरतां फिरतां तो त्या रात्रीं पृथ्वीपासून अवघ्या १२ लाख किलोमीटरांवरून, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या सुमारें तिप्पट अंतरावरून जाणार होता. असे योग लहान दुर्बिणी बाळगणारांस क्वचितच लाभतात.

माझी तयारी म्हणाल, तर एवढीच: एक छापील नकाशा वहींत उतरून घेतला होता आणि दुर्बिणीवरची धूळ झटकली होती.

रात्रीं नऊच्या सुमारास पन्नाससाठ माणसें जमलीं. मैदानाच्या कोपऱ्यांतील मोठा दिवा तसाच जळत होता, व आकाशांत अर्धा चंद्र होता. नकाशांत दाखविलेल्या जागीं मीं दुर्बीण रोखली. तेथें तारे पुष्कळ होते. पण त्यांतील लघुग्रह कोणता, हें मला उमगेना. रांग वाढूं लागली. कांहीं पालक घड्याळाकडे पाहूं लागले. इतक्यांत पांचव्या इयत्तेंतील एका मुलीनें दुर्बिणीस डोळा लावला आणि विचारलें, "सर, यांतला कोणता?"

मी क्षणभर थांबलों, आणि म्हणालों, "मधला तो पिंवळसर."

तिनें समाधानानें मान डोलविली. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकास मीं तोच तारा दाखविला. तो लघुग्रह नव्हता, हें मला त्या वेळीं ठाऊक होतें असें नाहीं. परंतु तो लघुग्रह आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, एवढें मला पक्कें ठाऊक होतें. लोक आभार मानून घरोघर गेले. मला मात्र झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शांतपणें हिशेब केला, तेव्हां सगळा घोटाळा उलगडला. नकाशावरील वेळ ग्रिनिचची होती. ती मीं आपली समजलों. आपलें घड्याळ ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास. म्हणजे मी ज्या जागीं पाहत होतों, तेथें तो पाहुणा येण्यास अद्याप साडेपांच तास अवकाश होता! तासाला सुमारें पांच पूर्णचंद्रांच्या रुंदीइतकें अंतर तो कापीत होता. अर्थात् त्या घटकेस तो हात लांब करून धरलेल्या मुठीच्या रुंदीहूनहि अधिक दूर, दक्षिणेकडे होता. शिवाय इतक्या जवळच्या वस्तूचें आकाशांतील स्थान पाहणाराच्या गांवाप्रमाणें बदलतें. तो फरक त्या रात्रीं अर्ध्या चंद्रबिंबाहूनहि अधिक असूं शकत होता. परक्या शहरासाठीं काढलेला नकाशा आमच्या मैदानावर काय कामाचा? आणि सर्वांत मोठी खूण तर माझ्या डोळ्यांसमोरच होती. तो पिंवळसर तारा तासभर शेजारच्या ताऱ्यांशीं तेंच अंतर राखून होता. खरा लघुग्रह पांच मिनिटांत शेजार सोडून गेला असता.

त्यानंतर मीं जुन्या ज्योतिष्यांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं, आणि दोन गोष्टी मनावर कोरल्या गेल्या. पहिला लघुग्रह सेरेस हा १ जानेवारी १८०१ रोजीं पालेर्मो येथें जुसेप्पे पियाझ्झी या ख्रिस्ती धर्मगुरूस सांपडला. ते कांहीं लघुग्रह शोधीत नव्हते. स्थिर ताऱ्यांची यादी बिनचूक करण्यासाठीं ते त्याच त्या ताऱ्यांचीं स्थानें रात्रीमागून रात्र मोजीत होते. त्यांतील एक ठिपका दुसऱ्या दिवशीं जागा बदललेला दिसला. दुसरी गोष्ट फ्रान्समधील चार्ल्स मेसिए यांची. त्यांना धूमकेतु शोधण्याचा नाद. आकाशांतील कांहीं अंधुक डाग धूमकेतूसारखे दिसत, पण हलत नसत. त्यांच्यामुळें फसगत होऊं नये, म्हणून त्यांनीं त्या डागांची यादीच केली. १७८१ सालीं ती १०३ पर्यंत गेली. आज हौशी लोक जे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका आवडीनें पाहतात, त्यांतील उत्तमोत्तम या यादींतले होत. दोघांचेंहि मर्म एकच: जो स्थिरांना ओळखतो, त्यालाच चालता ओळखूं येतो. माझी स्थिरांशींच ओळख नव्हती. मग चालता मला कसा भेटावा?

पुढील संधि १ सप्टेंबर २०१७ रोजीं आली. 'फ्लॉरेन्स' नांवाचा लघुग्रह ७० लाख किलोमीटरांवरून जाणार होता. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतून त्याचा शोध लागला, व रुग्णसेविका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव त्यास देण्यांत आलें. रुंदी सुमारें साडेचार किलोमीटर. १८९० नंतर इतका जवळ तो कधींच आला नव्हता. परंतु काळ भाद्रपदाचा, आणि पाऊस ऐन भरांत! २९ ऑगस्टला तर मुंबई जलमय झाली. आमचें गांव घाटमाथ्याच्या पूर्वेस, पर्जन्यछायेंत असल्यामुळें थोडी आशा होती, एवढेंच.

या वेळीं मीं एका रात्रीवर भिस्त ठेवली नाहीं. २९ ऑगस्टपासून सहा रात्री राखून ठेविल्या. आमच्या गांवाचे अक्षांश-रेखांश देऊन लघुग्रहाचीं स्थानें दर अर्ध्या तासाचीं काढलीं, व प्रत्येक वेळ साडेपांच तास मिळवून आपल्या घड्याळाप्रमाणें लिहिली. तो कुंभेकडून धनिष्ठेच्या दिशेनें उत्तरेस सरकत होता. म्हणून श्रवणाच्या तेजस्वी ताऱ्यापासून धनिष्ठेच्या चिमुकल्या चौकोनापर्यंत, व तेथून खालीं एकेका ताऱ्यावर पाऊल ठेवीत जाण्याची वाट मीं व चौदा मुलांनीं ऑगस्टांतच पाठ केली. ढग फांकतील तेव्हां दहा मिनिटें, पण रोज.

दुसरा विचार चंद्राचा. त्या रात्रीं तो दहाअकरा दिवसांचा असून दोनअडीच वाजतां मावळणार होता. लघुग्रह ताऱ्यासारखा बिंदुरूप दिसत असल्यामुळें चांदणें त्याला फारसें बुडवीत नाहीं. पसरट व फिकट वस्तूंचें मात्र तेज त्यांत विरघळून जातें. म्हणून क्रम असा ठरविला: आरंभीं स्वरमंडलांतील कंकणाकृति तेजोमेघ, कारण तो लहान व घट्ट, नंतर महाश्वांतील मेसिए १५ हा गोलाकार तारकागुच्छ, मग लघुग्रह, आणि चंद्र मावळल्यावर देवयानींतील विशाल दीर्घिका. ढगांनीं एक हिरावलें, तर दुसरें हातीं राहावें, हाहि हेतु होता. गांवांत गणेशोत्सवाची रोषणाई असल्यानें जागा टेकडीमागच्या शेतांत निवडली. विजेरीवर लाल कागद चिकटविला, व पहिला अर्धा तास कोणीहि पांढरा उजेड पाहूं नये असा नियम केला. कारण डोळ्यांस अंधाराची संवय होण्यास तेवढा वेळ लागतोच.

पहिल्या तीन रात्री पावसांत गेल्या. १ सप्टेंबरलाहि अकरा वाजेपर्यंत आभाळ गच्च होतें. मुलें व कांहीं पालक घोंगड्या पांघरून बांधावर बसलीं होतीं. त्यांत ती मुलगीहि होती. आतां ती आठवींत होती. रिकाम्या वेळाचा फायदा घेऊन, कीं आपल्याच मनाचा भार असह्य होऊन, मीं त्या सर्वांना अडीच वर्षांपूर्वींची खरी हकीकत सांगितली. कोणी हंसलें नाहीं. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, मीं तर वहींत लिहून ठेवलें आहे, 'आज लघुग्रह पाहिला' म्हणून." तिनें ती वही बरोबर आणली होती. लाल उजेडांत तिनें तें वाक्य शोधलें, माझ्याकडे एकवार पाहिलें, आणि त्यावर एक सरळ रेघ मारली. आजवर माझ्या कोणत्याहि पेपरावर परीक्षकानें मारलेली रेघ मला इतकी लागली नव्हती.

साडेबाराच्या सुमारास पश्चिमेकडे ढग फाटले. श्रवण दिसला, धनिष्ठा दिसली. पाठ केलेली वाट चालत दुर्बीण दोन मिनिटांत जागेवर आली. मीं सर्वांना बजावलें, "कोणता, हें मी सांगणार नाहीं. वर्तुळांत जेवढे ठिपके दिसतील तेवढे कागदावर काढा." चौदा वर्तुळें काढलीं गेलीं. मग पुन्हा ढग आले. पंचवीस मिनिटांनीं फट परत उघडली, तेव्हां त्याच ताऱ्यांवर दुर्बीण रोखून दुसरें चित्र काढविलें. फ्लॉरेन्सची चाल तासाला चंद्रबिंबाच्या तीनचतुर्थांश रुंदीइतकी. तेव्हां पंचवीस मिनिटांत तो बिंबाच्या एकतृतीयांशाजवळ सरकला असला पाहिजे, हें मला ठाऊक होतें. तरी मी मुकाट राहिलों.

दोन्ही कागद शेजारीं धरून ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, हा हालला."

मीं कोष्टकाशीं ताडून पाहिलें. तो हालला होता, आणि तोच होता.

तेथून निघालेला प्रकाश सुमारें २४ सेकंदांत आमच्या डोळ्यांत पोंचत होता. त्याआधीं ढगांच्या एका फटींतून आम्हीं तारकागुच्छ पाहिला होता; त्याचा प्रकाश सुमारें ३३ हजार वर्षें वाटेवर होता. देवयानीची दीर्घिका, जिचा प्रकाश सुमारें २५ लाख वर्षांपूर्वींचा, ती मात्र ढगांनीं त्या रात्रीं दिली नाहीं. पहाटे तीन वाजतां पाऊस आला, व आम्ही दुर्बीण ताडपत्रींत गुंडाळून परतलों. खोडलेल्या वाक्याखालीं त्या मुलीनें तारीख, वेळ व दोन वर्तुळें एवढेंच काढलें. 'पाहिला' असें लिहिण्याची तिला गरज वाटली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यापुढील मोठा योग एपॉफिस या सुमारें साडेतीनशें मीटर रुंदीच्या लघुग्रहाचा आहे. तो पृथ्वीच्या पृष्ठापासून सुमारें ३२ हजार किलोमीटरांवरून जाईल, आणि युरोप, आफ्रिका व पश्चिम आशिया येथून नुसत्या डोळ्यांनींहि दिसेल. तो आदळण्याचें भय नाहीं, हें मोजमापांनीं सिद्ध झालें आहे. ती रात्र अमावास्येच्या सुमाराची, व महिना एप्रिलचा. म्हणजे चंद्र नाहीं आणि पाऊसहि बहुधा नाहीं. नकाशांवर तारीख १३ एप्रिल २०२९ अशी असेल. पण तो अत्यंत जवळ येईल तेव्हां आपल्याकडे १४ तारखेची पहाट झालेली असेल. आपल्या गांवाहून तो कोणत्या घटकेस कोणत्या ताऱ्यांजवळ व किती उंच दिसेल, हें आतांच काढून ठेवा. आणि त्या वाटेवरील ताऱ्यांशीं आजपासून ओळख करून घ्या. मीहि तेंच करीत आहें. साडेपांच तास मिळविण्यास मात्र विसरूं नका.