किनाऱ्यावरचे घर

चारकोपमधील एक निवृत्त दांपत्य खाडीपलीकडच्या गोराई गावात घर घेण्याच्या विचारात आहे. त्यांनी माझे मत विचारले. म्हाडाने १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपची वसाहत आखली, तेव्हा लाभलेल्या चिमुकल्या भूखंडावर त्यांनी संसार उभा केला. आता मुले परदेशी स्थिरावली आहेत, गाठीशी थोडी पुंजी आहे आणि माणसांनी फुललेला रविवारचा किनारा डोळ्यांत भरला आहे. मोह पडावा, यात नवल नाही.

परंतु घर घेणाऱ्याने किनारा आडवारी पाहावा, आषाढातल्या मुसळधारेतही पाहावा. सहलीला आलेल्यास जे चैतन्य वाटते, तेच तेथील रहिवाशाच्या दारी वाहनांची रांग आणि ध्वनिक्षेपकाचा गोंगाट होऊन येते. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती कितपत पाळली जाते, हे शनिवारी रात्री तेथे मुक्काम केल्यावरच कळेल.

दुसरा प्रश्न वाटेचा. नकाशावर दोन्ही ठिकाणे शेजारी दिसतात. पण मध्ये खाडी आहे. बोरिवलीच्या बाजूने किंवा मार्वेहून मनोरीमार्गे होडीने जावे, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांब वळसा घ्यावा. दिवसा ही मौज असते. मध्यरात्री छातीत कळ आली तर काय? चारकोपला दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. २०२२ पासून मेट्रोही जवळ आली आहे.

खारा वारा तर घरालाच पोखरतो. मिठाचा अंश काँक्रीटमध्ये झिरपतो, आतली सळई गंजून फुगते आणि छताला तडे जातात. म्हणून जुने घर अभियंत्याला दाखवावे. किनारपट्टीवरील बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत. सातबारा आणि मंजूर नकाशा वकिलाने तपासल्यावाचून इसार देऊ नये.

याहून मोठी गोष्ट शेजाराची. गोराई-मनोरी ही ईस्ट इंडियन आणि कोळी समाजाची जुनी वस्ती. तेथे बोंबील वाळतात, त्यांचा वास घरात येतो. त्यावर गावाचे पोट आहे. नाकाला रुमाल लावून राहणाऱ्याला गाव आपलेसे कसे करील?

मी त्यांना एवढेच सुचवले : चारकोपचे घर तूर्त विकू नका. गोराईत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. त्यात पाऊसही येईल, बोंबीलही वाळतील. आणि तेथे राहताना एका प्रश्नाचे उत्तर शोधा. आपल्यापैकी एक जण आधी गेल्यावर मागे राहणाऱ्याला रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठावता येईल? चारकोपच्या चौकात अशी दहा दारे तुम्हाला ठाऊक आहेत. गोराईत दोन जरी सापडली, तरी खुशाल घर घ्या.