दश्शीचे मोल

ब्रिज खेळणाऱ्याने पाने उचलली की प्रथम मनातल्या मनात बेरीज होते. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. बावन्न पानांत मिळून ४० गुण. मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी चार्ल्स गोरेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घरोघर पोहोचवली. ती सोपी आहे, म्हणूनच टिकली. परंतु तीत दश्शीच्या नावावर शून्य जमा आहे. वास्तविक खेळाच्या नियमांत दश्शी मानाच्या पाच पानांपैकी एक! नव्वी-अठ्ठीला तर तेवढाही मान नाही.

दोन सख्ख्या भावांच्या जोडीत एकदा यावरूनच वाजले. धाकट्याने एक नो ट्रंपची बोली केली. त्यांच्या ठरावाप्रमाणे १५ ते १७ गुण. थोरल्या अण्णांनी आठ गुणांवर दोन नो ट्रंप म्हटले. गुण वरचे असतील तर तीन म्हणावे, हा त्याचा अर्थ. धाकट्याकडे नेमके १५ होते. त्याने पास म्हटले आणि हात झाले नऊ! जोडी व्हल्नरेबल होती. तीनची बोली असती तर ६०० मिळाले असते. पदरात पडले १५०.

"तीन-तीन दश्श्या घेऊन गप्प बसलास?"

"दश्शीला पॉइंट नसतो, अण्णा."

"पॉइंट नसेल, पण हात होतो ना?"

अण्णांनी बदामची पाने पुन्हा मांडली. धाकट्याकडे एक्का, गुलाम, दश्शी. समोर डमीत पंजी, चौकी, तिर्री. डमीतून पान खेळून दश्शी लावायची, ती गेली तर पुन्हा डमीतूनच येऊन गुलाम लावायचा. राजा आणि राणी दोन्ही डावीकडच्या खेळाडूकडे असतील तरच दुसरा हात बुडतो. म्हणजे चारांत सुमारे तीनदा दोन हात मिळतात. मग त्यांनी दश्शी उचलून तिच्या जागी दुर्री ठेवली. आता दोन हातांसाठी राजा-राणी दोन्ही उजवीकडेच हवेत. चारांत जेमतेम एकदा. गुणांची बेरीज दोन्ही वेळा पाचच.

हुकमाच्या डावात आखूड रंगाला महत्त्व येते. तेथे दश्शी काहीशी मागे पडते. नो ट्रंपमध्ये मात्र ती, आणि तिच्या पाठीशी नव्वी असली तर दोघी मिळून, वरची पाने झडल्यावर राज्य करतात. अर्थात सोबत हवी. गुलामाशेजारची दश्शी वेगळी आणि पंजी-दुर्रीबरोबर आलेली वेगळी. दुसरीचा हिशेब धरणारा बहुधा बोली चढवून बसतो.

त्याच संध्याकाळी धाकट्याच्या हाती पुन्हा १५ गुण आले, दोन दश्श्यांसह. बोलीही तशीच दोन नो ट्रंपवर आली. त्याने बराच वेळ पाने न्याहाळली आणि पास म्हटले. हात आठच झाले. अण्णांनी त्याची पाने उलटून पाहिली. दोन्ही दश्श्या बारीक पानांत एकट्या पडलेल्या होत्या. काही न बोलता त्यांनी पत्ते पिसायला घेतले.