पाण्याची कड

लकडी बंदर, रेती बंदर, दारूखाना, कॉटन ग्रीन. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची ही नावे नुसती ओळीने म्हटली तरी लाकूड, रेती, तोफांची दारू आणि कापूस डोळ्यांपुढून सरकतात. जो माल उतरला, साठला, त्याचेच नाव जागेला चिकटले. मरीन ड्राइव्हचा समुद्र पाहण्याचा आहे, हा राबण्याचा. कुलाब्याच्या ससून डॉकपासून शिवडीपर्यंतच्या या पट्ट्यातले बंदराचे काम आता आटत चालले आहे आणि मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे आराखडे निघत आहेत. त्यांत ‘वारसा’ म्हटले की दगडी दर्शनी भिंतीच आठवतात. माझ्या मते इथली खरी वास्तुकला जमीन आणि पाणी भेटतात त्या कडेत आहे. ती कड गेली तर भिंती राखूनही फारसे काही राखले जाणार नाही.

बॅलार्ड इस्टेटच पाहा. जॉर्ज विटेटच्या आखणीतल्या त्या एका उंचीच्या, एका शिस्तीच्या इमारतींचे देखणेपण कुणी नाकारणार नाही. पण त्या उभ्या आहेत ती जमीन शेजारची अलेक्झांड्रा डॉक, आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या दगडमातीच्या भरावाची. गोदी १९१४ साली सुरू झाली. खड्डा आणि इमारती एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि मला तर खड्डाच अधिक थोर वाटतो. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वरखाली होते. ओहोटीला जहाज गाळात बसू नये म्हणून भरतीचे पाणी दरवाजांआड कोंडून धरायचे, ही गोदीची सारी युक्ती. ती रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून तिची किंमतही होत नाही. १८८० सालची प्रिन्सेस डॉक आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया डॉक या दोन्ही गोद्या कंटेनरसाठी भराव घालून बुजवल्या गेल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तो याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये. त्या दिवशी बळी गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ आजही देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, पण ते पाणी आता तिथे नाही.

यावर कुणी म्हणेल, हा किनारा मुळातच भरावाचा, बदल हा त्याचा स्वभावच. खरे आहे. पण पूर्वीचे भराव काम पाण्याजवळ आणण्यासाठी पडले, पुढचे पाण्याचा नुसता देखावा विकण्यासाठी पडतील, अशी भीती आहे. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यावर कंटेनरचा मोठा व्यापार खाडीपलीकडे गेला, तो परत येणार नाही, आणि तो यावा असा माझा हट्टही नाही. सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: बंदराच्या उंच भिंतीने पिढ्यान्‌पिढ्या सामान्य माणसाला या किनाऱ्यापासून दूर ठेवले, मग तो त्याला मोकळा का होऊ नये? व्हायलाच हवा. फक्त गिरणगावाची आठवण विसरू नये. १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखलेला होता. २००१च्या दुरुस्तीने तो बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता आक्रसला. भिंत पडली म्हणजे माणूस आत आला असे होत नाही.

आत येणे कसे असते ते भाऊच्या धक्क्यावर कळते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी, म्हणजेच भाऊंनी, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धक्क्याचे हे नाव. कोकणातली किती घरे बोटीतून याच वाटेने मुंबईत उतरली! १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघून बुडालेली ‘रामदास’ही इथूनच सुटली होती. वारशाच्या यादीत मिरवावी अशी कमान इथे नाही. पण मोऱ्याची लाँच इथूनच सुटते, मांडव्याची रो-रो इथूनच निघते, आणि मासळीच्या होड्यांवर चढणारा बर्फ नि कोळणींच्या पाट्या त्याच गर्दीत वाट काढतात. नव्या आराखड्यात या धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांना बॅलार्ड इस्टेटच्या कमानींइतकेच संरक्षण लेखी मिळाले पाहिजे, आणि मासळी उतरवण्याची जागा कोळ्यांच्या नावाने नकाशावर आखली गेली पाहिजे.